कोटगढच्या अंगणातले झाड

सिमल्याहून जुन्या हिंदुस्थान-तिबेट मार्गाने निघाले की फागू, ठियोग, मटियाना ही गावे मागे टाकीत रस्ता नारकंड्याच्या खिंडीत चढतो. नारकंडा सुमारे 2,700 मीटर उंचीवर आहे. तेथून एक फाटा उजवीकडे देवदारांच्या गर्द छायेत शिरतो आणि थानेदार-कोटगढच्या उतारावर उतरतो. खाली खोल दरीत सतलज वाहते, समोर हिमाच्छादित शिखरांची रांग उभी असते आणि या दोहोंच्या मधला सारा उतार पायऱ्यापायऱ्यांच्या बागांनी व्यापलेला दिसतो. मुंबईच्या किंवा पुण्याच्या बाजारात श्रावणापासून येणाऱ्या ज्या सफरचंदांच्या पेट्या आपण उघडतो, त्यांपैकी कित्येकींचे मूळ या उतारावर आहे.

आमच्या पेढीचा या भागाशी जुना व्यवहार आहे. हंगाम आटोपल्यावर, दिवाळीनंतर, हिशेब पुरा करण्यासाठी कोणीतरी तेथे जावे हा घरचा रिवाज. या वर्षी ते काम माझ्याकडे आले. नोव्हेंबरात बागांची पाने पिवळी पडून गळू लागलेली असतात, डब्यांची आणि ट्रकांची धांदल संपलेली असते आणि बागाईतदाराला बोलायला सवड असते. व्यापाऱ्याला झाड दिसते ते बहुधा पेटीतल्या फळाच्या रूपाने. झाडाच्या पायथ्याशी उभे राहून त्याचा विचार करण्याची संधी क्वचितच मिळते. ती या प्रवासात मिळाली.

कोटगढला सफरचंद आले त्याची कथा अनेकांना ठाऊक असेल, तरी ती पुन्हा सांगण्याजोगी आहे. इंग्रज अधिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकातच कुलूच्या खोऱ्यात सफरचंदे लावली होती. पण त्या जाती आंबटसर होत्या आणि इथल्या ग्राहकाच्या जिभेला त्या रुचल्या नाहीत. फिलाडेल्फियाच्या एका सुखवस्तू क्वेकर कुटुंबातला सॅम्युएल स्टोक्स नावाचा तरुण 1904 मध्ये कुष्ठरोग्यांची सेवा करण्यासाठी भारतात आला आणि पुढे कोटगढचाच झाला. त्याने 1916 मध्ये अमेरिकेतून ‘रेड डेलिशस’ या गोड, लालबुंद जातीची कलमे आणून थानेदारच्या आपल्या जमिनीत लावली. शेजाऱ्यांना रोपे दिली, छाटणी शिकवली. डोंगरातल्या लोकांवर लादलेल्या बेगारीविरुद्ध तो उभा राहिला, 1921 मध्ये राष्ट्रीय चळवळीत तुरुंगात गेला आणि 1932 मध्ये हिंदू धर्म स्वीकारून सत्यानंद झाला. त्याने बांधलेले परमज्योती मंदिर आजही थानेदारला आहे. एका माणसाने आपल्या अंगणात कोणते झाड लावायचे हे ठरवले आणि त्यातून एका प्रदेशाचे दैव पालटले, असे येथे शब्दशः घडले आहे.

ज्यांच्याकडे माझा मुक्काम होता ते यजमान सत्तरी ओलांडलेले. घर जुन्या पद्धतीचे, दगड आणि लाकूड यांच्या थरांनी बांधलेले, वर पाथरीचे छप्पर. आमच्या आहाराची त्यांना वर्षानुवर्षांची सवय. कांदा-लसूण तर नाहीच, बटाटाही त्या दिवशी चुलीवर चढत नाही. नोव्हेंबरात तेथे साडेपाचच्या आत सूर्य डोंगराआड जातो, म्हणून त्यापूर्वी राजमा, भात आणि हिरव्या धण्यात वाटलेली अक्रोडाची चटणी पानात वाढलेली असते. घरात यजमान, त्यांच्या पत्नी, नव्वदीच्या घरातल्या आई, मुलगा, सून आणि सहा वर्षांची नात अशी चार पिढ्यांची माणसे आहेत.

या घरात त्या दिवसांत एकाच विषयावर वाद चालला होता. घराला लागून असलेल्या तीन जुन्या सफरचंदांच्या झाडांपैकी दोन मूळकुजीने गेली होती, तिसरे गेल्या हिवाळ्यातल्या बर्फाच्या भाराने मधोमध फाटले होते. जागा रिकामी झाली. जानेवारी-फेब्रुवारीत झाडे झोपेत असताना नवी कलमे लावायची, म्हणजे निर्णय महिन्याभरात व्हायला हवा होता. यजमानांना अक्रोड हवा होता. मुलाला बुटक्या खुंटावरचे नवे सफरचंद हवे होते. आजीबाईंना दक्षिणेच्या भिंतीशी, उन्हात, एक जर्दाळू हवा होता. सून म्हणत होती की बदाम लावावा, घरातल्या मुलीला खायला तरी मिळेल.

मुलाचे म्हणणे चूक नव्हते. बियांच्या रोपावर बांधलेले जुन्या पद्धतीचे सफरचंद फळायला सात-आठ वर्षे घेते. एम-9 सारख्या बुटक्या खुंटावरचे कलम दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ दाखवते आणि एका हेक्टरात अशी झाडे हजारोंनी बसतात. मात्र त्यांची मुळे उथळ असतात. त्यांना तारांचा आधार आणि नियमित पाणी लागते. मुलीच्या शिक्षणाचा खर्च पुढच्या दहा वर्षांत येणार आहे, तो अक्रोडाच्या भरवशावर कसा भागवायचा, असा त्याचा रोखठोक प्रश्न होता. बियांचा अक्रोड फळायला आठ-दहा वर्षे घेतो. कलमी अक्रोड चार-पाच वर्षांत फळतो, पण अक्रोडाचे कलम जुळायला ऊब लागते, ते सहज साधत नाही आणि म्हणून चांगले कलम दुर्मीळ आणि महाग असते. वडिलांचे उत्तर थोडक्यात असे : सफरचंद तुझ्या हयातीचे, अक्रोड तुझ्या नातवंडांच्या हयातीचा. नीट वाढलेला अक्रोड शंभराहून अधिक वर्षे उभा राहतो.

हा वाद ऐकताना मला एक गोष्ट उमगली. ‘थंडी सोसणारे झाड’ असे आपण सहज म्हणतो, पण त्या शब्दांत तीन निरनिराळे प्रश्न दडलेले असतात आणि तिन्हींची उत्तरे निराळी असतात.

पहिला प्रश्न, हिवाळ्यातल्या सर्वांत कडक रात्री झाड जगेल का? कोटगढपुरते याचे उत्तर सोपे आहे. झोपी गेलेले, नीट पक्व झालेले सफरचंदाचे झाड शून्याखाली 25 ते 30 अंशांपर्यंतची थंडी सोसते. जर्दाळू तर लडाखच्या हिवाळ्यातही टिकतो. अक्रोडालाही येथील हिवाळ्याचे भय नाही.

दुसरा प्रश्न याच्या उलट आहे. झाडाला पुरेशी थंडी मिळेल का? ही झाडे थंडी केवळ सोसत नाहीत, त्यांना ती हवी असते. तापमान 7 अंशांच्या खाली राहील असे ठरावीक तास हिवाळ्यात मिळाले नाहीत, तर वसंतात कळ्या नीट उमलत नाहीत. डेलिशस वर्गातल्या सफरचंदांना असे हजाराच्या वर तास लागतात. बदामाला त्याच्या निम्म्याहून कमी पुरतात. हिवाळे उबदार होऊ लागल्यामुळे हिमाचलातल्या खालच्या उंचीवरच्या अनेक बागांत सफरचंदाची जागा डाळिंब, किवी यांनी घेतली आहे आणि सफरचंद किन्नौर, लाहौलच्या दिशेने वर सरकले आहे. महाबळेश्वर-पाचगणीला बंगला असलेल्या आपल्या काही बांधवांनी हौसेने सिमल्याची कलमे नेऊन लावल्याचे आपण ऐकतो. झाड जगते, पाने येतात, फळ मात्र येत नाही. कारण तेथे थंडीचे ते तास भरत नाहीत. अशांसाठी बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा यांनी शोधलेली ‘एचआरएमएन-99’ ही अल्प थंडीत फळणारी जात आहे. त्या कामासाठी त्यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. कोटगढचे कलम मात्र कोटगढलाच शोभते.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आणि नवख्याच्या लक्षात न येणारा. झाड जागे कधी होते? हिवाळ्यात उणे 25 अंश सोसणारे सफरचंद पूर्ण फुलावर आले की शून्याखाली सव्वादोन अंशांवर त्याच्या दहातल्या एका फुलाचा जीव जातो आणि चार अंशांच्या सुमारास जवळजवळ सारी फुले जातात. हिवाळ्यात मरण नाही आणि चैत्रातल्या एका निरभ्र रात्री वर्षाचे पीक नाहीसे, असे हे गणित आहे. त्या रात्रीच्या गोठलेल्या दंवाला तेथे ‘पाला’ म्हणतात. बदाम सर्वांत आधी फुलतो, त्याच्या मागोमाग जर्दाळू, मग आलुबुखार, नासपती आणि शेवटी सफरचंद. म्हणजे बदामाला थंडी कमी लागते हा त्याचा गुण डोंगरात दोष ठरतो. तो लवकर जागा होतो आणि पाल्याच्या तावडीत सापडतो. अक्रोड उशिरा जागा होतो, पण त्याचे कोवळे कोंब अतिशय नाजूक असतात. एक-दोन अंशांच्या पाल्यानेही ते काळे पडतात. म्हणून अक्रोडातही उशिरा फुटणारी जात निवडावी लागते.

या तिसऱ्या प्रश्नाने घरातल्या दोन मागण्यांचा निकाल लावला. सुनेचा बदाम मागे पडला. आजीबाईंच्या जर्दाळूवर मात्र मुलानेच तोडगा काढला. तो सोलनजवळच्या नौणी येथील उद्यान विद्यापीठात शिकलेला आहे. दक्षिणेची भिंत दिवसभर ऊन साठवते आणि तिच्या उबेने झाड आणखी आठवडाभर आधी फुलते, हे त्याने आजीला समजावून सांगितले. जर्दाळूला ऊब देण्याऐवजी त्याची झोप लांबवायला हवी. उत्तर अंगाच्या, बर्फ उशिरा वितळणाऱ्या जागी तो लावला तर उशिरा फुलेल आणि वाचण्याची शक्यता वाढेल. आजीबाईंनी ऐकून घेतले आणि विचारले, “मग भिंतीशी काय?” “तुझी भाजी,” नातू म्हणाला. प्रश्न मिटला.

आणखी एक गोष्ट त्यांनी मला शेतात उभे करून दाखवली. थंड हवा जड असते, ती रात्री पाण्यासारखी उतारावरून खाली वाहते आणि जिथे अडते तिथे साचते. त्यांच्या खालच्या बांधावर झुडपांची दाट कुंपणरांग होती आणि तिच्या वरच्या अंगाची झाडे दर दोन-तीन वर्षांनी पाल्यात सापडत. कुंपणात दोन हात रुंदीचे एक खिंडार ठेवले, थंड हवेला वाट मिळाली आणि त्रास पुष्कळ कमी झाला. घराभोवती झाड लावताना मातीइतकाच हवेच्या वाटेचा विचार करावा, हा धडा कोणत्याही डोंगराळ गावी उपयोगी पडेल.

आता उरला अक्रोड की सफरचंद हा मूळ वाद. येथे मला व्यापाऱ्याच्या पलीकडे जाऊन श्रावक म्हणून विचार करावा लागला. सफरचंदाच्या बागेला कळी फुगण्यापासून फळ काढेपर्यंत ठरावीक वेळापत्रकाने फवारण्या कराव्या लागतात. काही बुरशीसाठी, काही किडींसाठी. 1980 च्या दशकाच्या प्रारंभी ‘स्कॅब’ नावाच्या खवल्या रोगाने हिमाचलाची सफरचंदे नासवली, तेव्हापासून ही दक्षता अधिकच वाढली. बागेतला हा व्यवहार एक वेळ समजू शकतो. पण ही तीन झाडे स्वयंपाकघरापासून दहा पावलांवर होती. फवारणीच्या दिवशी खिडक्या बंद करून बसावे लागते, अंगणात वाळत घातलेले धान्य उचलावे लागते आणि मुलीला बाहेर जाऊ देता येत नाही, असे यजमानीणबाई सांगत होत्या. अक्रोडाला अशा फवारण्यांची जवळजवळ गरज पडत नाही. सफरचंदाच्या परागीकरणासाठी फुलोऱ्यात मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणाव्या लागतात, अक्रोडाचे पराग वारा वाहून नेतो.

आपल्या घरांत लहानपणी षड्लेश्येचे चित्र सर्वांनी पाहिलेले असते. जांभळाच्या झाडाखाली सहा वाटसरू आहेत. एकाला झाड मुळासकट तोडायचे आहे, दुसऱ्याला मोठी फांदी, तिसऱ्याला लहान फांदी, चौथ्याला घोस, पाचव्याला केवळ पिकलेली फळे आणि सहावा खाली पडलेली फळे वेचून तृप्त होतो. अक्रोड हे त्या सहाव्या वाटसरूचे झाड आहे. पिकला की त्याची हिरवी साल आपोआप उकलते आणि कवचासह फळ जमिनीवर पडते. घाईने काठ्यांनी झोडपण्याची चाल सर्वत्र आहे, पण अक्रोड फांदीच्या टोकाला धरतो, म्हणून झोडपताना पुढच्या वर्षीचे फळच मोडले जाते. जो थांबतो त्याचे नुकसान होत नाही, हे येथे हिशेबानेही खरे ठरते. ही कथा मी यजमानांना सांगितली, तेव्हा ते हसून म्हणाले, “आमच्या माकडांना आधी ऐकवा.”

तरीही अक्रोडाचे दोष झाकून चालणार नाही. त्याचा विस्तार दहा-बारा मीटर होतो. अंगणात लावला तर तीस वर्षांनी घरावर सावली, छपरावर फांद्या. त्याच्या मुळांतून आणि पानांतून पाझरणारे द्रव्य जवळच्या सफरचंदाला आणि टोमॅटोसारख्या भाज्यांना बाधते. शिवाय त्याच झाडावरची नर आणि मादी फुले बहुधा एकाच वेळी तयार होत नाहीत, म्हणून आसपास दुसरा अक्रोड असावा लागतो. सफरचंदाच्या बाजूनेही एक अडचण होती. जेथे जुने सफरचंद मेले तेथेच नवे सफरचंद लावले तर ते खुरटते. ती माती त्या कुळाला थकलेली असते. खड्डा बदलावा लागतो, माती पालटावी लागते किंवा वर्ष-दोन वर्षे तेथे दुसरे काही घ्यावे लागते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जे ठरले त्यात कोणाचीच मागणी जशीच्या तशी राहिली नाही, हे मला विशेष वाटले. घरामागे, वरच्या अंगाला, शेजाऱ्याच्या गवताच्या रानाला लागून एक कोपरा आहे. तेथे एक कलमी, उशिरा फुटणारा, कागदी कवचाचा अक्रोड. शेजाऱ्याच्या रानात जुना अक्रोड आहेच, वारा त्याचे पराग आणून देईल. सावली गवतावर पडेल, घरावर पडणार नाही. मात्र बांधापासून पुरेसे अंतर सोडायचे आणि शेजाऱ्याच्या कानावर आधी घालायचे. अंगणात दोन सफरचंदे, जुन्या खड्ड्यांच्या मधल्या जागी, आधाराशिवाय उभ्या राहणाऱ्या एमएम-111 खुंटावर. जाती मात्र बाजाराच्या नकोत. ‘फ्लोरिना’, ‘लिबर्टी’ यांसारख्या खवल्या रोगाला दाद न देणाऱ्या जातींतून एकाच सुमारास फुलणाऱ्या दोन निवडायच्या. बाजाराला लाल रंग लागतो, घराला लागत नाही. उत्तर कडेला जर्दाळू. आणि मुलाची बुटक्या खुंटावरची दाट लागवड खालच्या, पाण्याच्या टाकीजवळच्या पट्ट्यात, जेथे तारा आणि ठिबक दोन्ही शक्य आहे. मुलीच्या शिक्षणाचा खर्च तो पट्टा उचलील.

मला यातून जे दिसले ते आपल्या पेढीवरच्या शहाणपणाहून फार वेगळे नाही. भांडवलाचा काही भाग लवकर फिरायला हवा आणि काही भाग पिढ्यांसाठी राहायला हवा. दोन्हींचे हिशेब एकाच खात्यात मांडले की भांडण होते. पेढीचे झाड आणि घरचे झाड ही दोन खाती आहेत. पहिल्याला भाव विचारावा. दुसऱ्याला विचारावे, की तू कधी जागे होतोस, तुला फवारावे लागते का, तुझी सावली कोणावर पडेल आणि तुझे फळ कोण खाईल.

ज्यांची मुले थंड मुलखात स्थायिक झाली आहेत आणि घरामागे थोडी मोकळी जमीन बाळगून आहेत, त्यांनाही हेच प्रश्न उपयोगी पडतील. जाती निराळ्या असतील. पंच उदुंबर फळांचा त्याग असलेल्या घरात अंजीर लावण्याचा प्रश्न येत नाही, हेही मुलांना कलम विकत घेण्यापूर्वी सांगून ठेवावे. लावल्यावर पहिले दोन हिवाळे रोपाच्या बुंध्याला बारीक तारेची जाळी गुंडाळावी आणि भोवतालचे गवत काढून टाकावे. बर्फाखाली उंदीर साल कुरतडतात आणि जाळी असली की विषाचे गोळे ठेवण्याची पाळी येत नाही. बुंध्याला चुन्याचा हात द्यावा, म्हणजे दिवसाचे ऊन आणि रात्रीची थंडी यांनी साल फाटत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी मुलाचा फोन आला. बर्फ वितळल्यावर चारही झाडे लावून झाली होती. अक्रोडाच्या खड्ड्यात माती लोटण्याचे काम नातीकडे दिले होते आणि शेजारी स्वतः येऊन अंतर मोजून गेला होता. बारा मीटर भरले.